वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे : हमीच्या मुदतीत बिघडलेले क्लासिक गाडीचे इंजिन

प्रश्न : माझ्याकडे १९६६ सालची एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे. मूळ इंजिन धूर टाकू लागल्यामुळे मी ते एका इंजिन बांधणाऱ्या वर्कशॉपला देऊन त्याच्या बदल्यात रिकंडिशन केलेले (खोलून नव्याने बांधलेले) इंजिन घेतले. त्यावर १२ महिने किंवा १०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी पूर्ण होईल तोपर्यंतची लेखी हमी आहे. इंजिन माझ्या नेहमीच्या मेकॅनिकने बसवले आणि ५०० किलोमीटरला ऑइल व फिल्टर बदलले. सातव्या महिन्यात, सुमारे २,१०० किलोमीटरला, वरच्या बाजूने टिकटिक ऐकू येऊ लागली. टॅपेटची गॅप (व्हॉल्व्ह आणि तो दाबणारा रॉकर यांच्यातील फट) नीट केली की चार-पाच दिवस आवाज जाई आणि पुन्हा येई. पिकअपही कमी झाला. गेल्या आठवड्यात ऑइल काढले तेव्हा तळाशी चकचकीत बारीक कीस दिसला. ते ऑइल आणि फिल्टर मी अजून ठेवले आहेत. वर्कशॉपने इंजिन न पाहताच सांगितले की चुकीच्या ऑइलमुळे कॅमशाफ्ट (फिरून व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) झिजली असावी, तरीही सद्भावना म्हणून ते नवी कॅमशाफ्ट व फॉलोअर (कॅमशाफ्टवर टेकून तिची उचल वर पोचवणारे भाग) पाठवतील, मात्र मजुरी माझी. मेकॅनिक म्हणतो, आधी इंजिन खोलून बघू. मला पूर्ण इंजिन बदलून हवे आहे. माझी मागणी रास्त आहे का आणि ती कशी मांडावी?

उत्तर : तुम्ही लिहिले आहे तेवढ्यावरून तुमची मागणी रास्त वाटते. मात्र ती मान्य होणे किंवा न होणे हे पुढच्या काही दिवसांत तुम्ही काय करता यापेक्षा काय करत नाही यावर अधिक अवलंबून आहे. तुमच्या मेकॅनिकचा सल्ला चांगल्या मनाने दिलेला असला तरी आज तो मानू नका. इंजिन खोलू नका आणि गाडी चालवूही नका.

असे सांगण्यामागे एक प्रसंग आहे. माझ्या परिचयातील एका गृहस्थांच्या रिकंडिशन केलेल्या इंजिनातून खालच्या बाजूने ठोके येत होते. त्यांनी घाईने चेंबर (इंजिनाच्या तळाचे ऑइलचे भांडे) उतरवला, बेअरिंगच्या कॅप काढल्या आणि बेअरिंगच्या वाट्या एका ट्रेमध्ये एकत्र ठेवल्या. वाट्यांवरचा राखाडी थर निघून खालचे तांबे उघडे पडले होते, म्हणजे दोष खरा होता. परंतु कोणती वाटी कोणत्या जागेची हे सांगता येईना, आणि ज्यांनी इंजिन बांधले होते त्यांनी एवढेच विचारले की याच वाट्या आमच्या इंजिनातल्या आहेत हे कशावरून. दावा तेथेच संपला. त्या व्यवहारात कोणीही खोटे बोलले नव्हते. पुरावा तेवढा हातचा गेला होता. हमीपत्रांत ‘आमच्या लेखी संमतीशिवाय इंजिन उघडल्यास हमी रद्द’ असे वाक्य बहुधा असते. त्यासाठी काही बोल्टांवर रंगाची खूण केलेली असते, आणि ब्लॉक किंवा हेडवर एक छोटी चकती चिकटवलेली असते, जिच्या मध्यभागी ठरावीक तापमानाला वितळणारा धातू असतो. तो धातू शाबूत असेल तर इंजिन तापून बिघडले असे कोणी सहज म्हणू शकत नाही. म्हणून ही चकती आणि त्या खुणा यांचे जवळून स्पष्ट फोटो सर्वांत आधी काढा. किलोमीटरच्या आकड्याचाही फोटो काढा.

त्यानंतर वर्कशॉपला लेखी कळवा. फोनवरचे बोलणे पुरेसे नाही. या पत्रात निदान लिहू नका, केवळ लक्षणे लिहा. ‘कॅमशाफ्ट झिजली आहे’ असे तुम्हीच लिहिले आणि पुढे मूळ दोष दुसरीकडे निघाला, तर तुमचेच वाक्य तुमच्या आड येईल. त्याऐवजी आवाज कोणत्या तारखेला, किती किलोमीटरला, थंड इंजिनात की गरम झाल्यावर ऐकू आला, गॅप कितीदा नीट करावी लागली आणि ऑइलमध्ये काय दिसले ते लिहा. इंजिनाचे बिल, बसवणीचे बिल, ५०० किलोमीटरच्या सर्व्हिसची नोंद आणि ऑइलच्या खरेदीची पावती यांच्या प्रती सोबत जोडा. सद्भावना म्हणून देऊ केलेले सुटे भाग सध्या स्वीकारू नका, कारण ते घेतले की प्रकरण मिटले असे समजले जाण्याचा धोका असतो.

इंजिन न खोलताही बरेच काही मोजता येते, आणि तुमच्या तक्रारीत एक गोष्ट फार बोलकी आहे. तुमच्या १७९८ सीसी इंजिनात टॅपेटची गॅप थंड असताना ०.०१५ इंच, म्हणजे साधारण ०.३८ मिलिमीटर ठेवतात. ही गॅप फॉलोअर लोबच्या (कॅमशाफ्टवरील उंचवट्याच्या) गोल, न उचलणाऱ्या भागावर असताना घेतली जाते. त्यामुळे लोबचे टोक झिजले तरी गॅप बदलत नाही, फक्त व्हॉल्व्ह कमी उघडतो आणि पिकअप जातो. गॅप पुन्हा पुन्हा वाढत असेल तर फॉलोअरचे तोंडच खाल्ले जात असण्याची शक्यता मोठी आहे, अर्थात रॉकरचे टोक व शाफ्टही पाहून घ्यावेत. उलट गॅप कमी होत गेली असती तर व्हॉल्व्ह सीटमध्ये खचत आहे असा संशय आला असता. म्हणून आपल्या मेकॅनिकला विचारा की प्रत्येक वेळी कोणत्या व्हॉल्व्हची गॅप किती वाढलेली सापडली, आणि ते आठवेल तसे कागदावर लिहून त्याची सही घ्या.

रॉकर कव्हर काढणे हा सर्व्हिसचाच भाग असल्यामुळे त्याला सहसा हरकत घेतली जात नाही, तरी पत्रात तसे आधी कळवावे. गॅप बरोबर लावून घ्यावी, डायल गेज (बारीक हालचाल मोजणारे उपकरण) पुशरॉडच्या, म्हणजे फॉलोअरपासून रॉकरपर्यंत जाणाऱ्या सळईच्या, वरच्या टोकाशी टेकवावा, स्पार्क प्लग काढून इंजिन हाताने फिरवावे आणि आठही जागी उचल किती मिळते ते लिहावे. निरोगी कॅमशाफ्टवर इनलेटची चार मापे आपसांत आणि एक्झॉस्टची चार मापे आपसांत जवळजवळ सारखी येतात. त्यातले एखादे स्पष्टपणे कमी आले तर तो लोब झिजला आहे, याबद्दल वाद उरत नाही. हे मोजमाप होईपर्यंत इंजिन सुरू करण्याची गरज नाही. म्हणूनच कॉम्प्रेशन आणि ऑइल प्रेशर यांची तपासणी, जिच्यासाठी इंजिन गरम करावे लागते, मी तूर्त सुचवत नाही. आवाज सुरू होण्यापूर्वी गरम इंजिनाचे प्रेशर गेजवर किती दिसत होते हे आठवत असेल तर तेवढे पत्रात लिहा. या इंजिनात चालताना ५० ते ८० पीएसआय (पौंड प्रति चौरस इंच) आणि आयडलिंगला १० ते २५ पीएसआय ही ठीक समजली जाणारी मर्यादा आहे.

आता ऑइलच्या आरोपाकडे येतो, कारण त्यांचा सगळा बचाव त्यावर उभा आहे आणि त्यात तथ्याचा अंश आहे. तुमच्या इंजिनातील फॉलोअर जवळजवळ सपाट तोंडाचे असतात आणि ते लोबवर घासत सरकतात. तेथे दाब प्रचंड असतो, आणि धातू धातूला लागू नये म्हणून ऑइलमधील झिंक व फॉस्फरसयुक्त घटक तेथे एक संरक्षक थर तयार करतो. फॉस्फरसमुळे आधुनिक गाड्यांतील धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो, म्हणून नव्या प्रतींच्या ऑइलमध्ये त्याचे प्रमाण कमी करत आणले गेले. २००४ साली आलेल्या एपीआय (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) एसएम या प्रतीत पातळ ग्रेडच्या ऑइलसाठी ही मर्यादा ०.०८ टक्के आहे. परंतु २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडला ती मर्यादा त्याच रीतीने लागू नाही, आणि जुन्या गाड्यांसाठी मिळणारे बहुतेक ऑइल याच ग्रेडचे असते. तेव्हा तुम्ही कोणते ऑइल घातले होते हे तर्काने ठरवण्याचे कारणच नाही, कारण ते ऑइल तुमच्याकडे आहे. ते ठेवले हे फार चांगले केले. ते नीट ढवळून दोन स्वच्छ बाटल्यांत भरा, तारीख घालून सील करा, एक प्रयोगशाळेकडे पाठवा आणि दुसरी तशीच राखून ठेवा. ऑइलची घट्टता, झिंक व फॉस्फरसचे प्रमाण, तसेच लोखंड, तांबे, शिसे, कथील, ॲल्युमिनियम हे धातू आणि धुळीतून येणारा सिलिकॉन हे सर्व त्या अहवालात येते. सिलिकॉन कमी असेल तर ‘एअर फिल्टर खराब होता’ हा संभाव्य बचावही आताच निकालात निघतो.

फिल्टर मात्र आज कापू नका. दोन्ही पक्षांसमोर तो कापला जाईल तेव्हा कागदाच्या घड्या उलगडून पांढऱ्या कागदावर झटकाव्यात आणि खालून लोहचुंबक फिरवावा. चुंबकाबरोबर जो कीस सरकतो तो लोखंडाचा, म्हणजे बहुधा कॅमशाफ्ट किंवा फॉलोअरचा असतो. जागचा न हलणारा तांबूस चुरा बेअरिंगच्या आतल्या थराचा असू शकतो, आणि तो दिसला तर प्रकरण कॅमशाफ्टपुरते राहिलेले नाही.

ऑइल योग्य निघाले तर प्रश्न उरतो की कॅमशाफ्ट झिजली कशाने. अशा कॅमशाफ्टचे भवितव्य पहिल्या वीस-तीस मिनिटांत ठरते. इंजिन पहिल्यांदा सुरू होताच ते आयडलिंगवर न ठेवता साधारण २,००० ते २,५०० आरपीएमवर चालवावे लागते, म्हणजे लोबवर ऑइलचा पुरेसा शिडकावा होतो. हे पहिले चालवणे वर्कशॉपने आपल्या टेस्ट बेंचवर केले असेल तर ती जबाबदारी त्यांची; तुमच्या मेकॅनिकने केले असेल तर त्याला त्या दिवशी नेमके काय केले ते प्रामाणिकपणे विचारा, कारण हा प्रश्न तुम्हाला समोरून विचारला जाणारच आहे. इतर कारणे मात्र बांधणाऱ्याकडेच बोट दाखवतात : नरम धातूचे फॉलोअर, नव्या कॅमशाफ्टवर जुनेच फॉलोअर बसवणे, गरजेपेक्षा ताठ व्हॉल्व्ह स्प्रिंग, किंवा आपल्या छिद्रात अडकून बसणारा फॉलोअर. लोबला किंचित उतार आणि फॉलोअरच्या तोंडाला किंचित फुगवटा असतो, तो फॉलोअर काम करता करता स्वतःभोवती फिरत राहावा म्हणून. फिरणाऱ्या फॉलोअरच्या तोंडावर गोल, सारखी झिलई दिसते. न फिरलेल्याच्या तोंडावर एकाच दिशेने गेलेली खाच दिसते, आणि ती पाहिल्यावर ऑइलचा आरोप टिकणे अवघड होते. म्हणून इंजिन उघडताना तुम्ही स्वतः किंवा तुमच्या वतीने एखादा स्वतंत्र तंत्रज्ञ हजर असेल, तारीख आधी ठरेल, प्रत्येक फॉलोअर क्रमांक घालून ठेवला जाईल आणि कोणताही भाग भंगारात जाणार नाही, या चार अटी लेखी मान्य करून घ्या. त्यांनी ‘इंजिन पाठवा, आम्ही पाहून कळवतो’ एवढेच म्हटले तर इंजिन पाठवू नका.

पूर्ण इंजिन मागण्याचा तुमचा खरा आधार पुढे आहे. हमीपत्रात दुरुस्ती करायची की बदलून द्यायचे याची निवड बहुधा वर्कशॉपने स्वतःकडे ठेवलेली असते, आणि ती निवड त्यांना आहे हे मान्य करूनच बोला. परंतु नवी कॅमशाफ्ट पाठवणे ही या बिघाडाची दुरुस्तीच नव्हे. झिजलेला धातू कोठेतरी गेलेला आहे. तो ऑइल पंपातून गेला आहे, फिल्टर तुंबून बायपास (ऑइल न गाळता पुढे सोडणारी झडप) उघडला असेल तर पाचही मुख्य बेअरिंगपर्यंत गेला आहे आणि ब्लॉकमधील ऑइलच्या वाटांत बसला आहे. याच इंजिनात कॅमशाफ्ट बाहेर काढण्यासाठी चेंबर आणि ऑइल पंपही उतरवावे लागतात, म्हणजे ते जे फुकट देऊ करत आहेत तो खर्चाचा लहान भाग आहे आणि मजुरी हा मोठा. तेव्हा मागणी अशी ठेवा : एकतर इंजिन संपूर्ण खोलून, ऑइलच्या वाटांचे प्लग काढून त्या धुऊन, क्रँकची मापे घेऊन, बेअरिंग व ऑइल पंप नवे घालून लेखी मापांसह परत द्यावे, किंवा दुसरे इंजिन द्यावे. हिशेब करू लागले की बहुतेकांना बदलून देणेच सोपे जाते. गाडीतून इंजिन काढणे-बसवणे, वाहतूक, ऑइल, कूलंट आणि गॅस्केट यांचा खर्च कोणाचा हेही त्याच पत्रात विचारा, आणि नव्या इंजिनावर हमी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होईल असे लिहून घ्या.

तुमच्या गाडीत ऑइल कूलर असेल तर तो आणि त्याचे पाइप नव्या इंजिनाला जोडू नका. कूलरच्या अरुंद नळ्यांत अडकलेला कीस धुऊन पूर्ण निघेल याचा भरवसा नसतो, आणि बदलून मिळालेले दुसरे इंजिनही त्याच किसाने गेले तर तो दोष मात्र खरोखरच तुमच्या बाजूचा ठरेल.

वर्कशॉप काहीच मानत नसेल तर हमीपत्र हे शेवटचे दार नाही. बऱ्याच देशांत सदोष वस्तूबद्दल कायद्याने मिळणारा ग्राहकाचा हक्क हमीपत्राहून वेगळा असतो. तेथे जाण्यापूर्वी स्वतंत्र तंत्रज्ञाचा लेखी अहवाल मात्र हाताशी हवा.

प्रश्न : माझ्या जुन्या गाडीचे रिकंडिशन केलेले इंजिन हमीत बदलून मिळणार आहे, पण नव्या ब्लॉकचा क्रमांक वेगळा असेल. गाडीचा मूळ क्रमांक जुळणारा ब्लॉक सध्या माझ्याकडेच आहे. मी काय करावे?

उत्तर : तुमच्याकडे असलेला ब्लॉक मूळ असेल तर तो हातचा सोडू नका. बदली इंजिनाच्या व्यवहारात तुमचे इंजिन त्यांचे होते, आणि एकदा ते दुसऱ्या कोणाच्या गाडीत गेले की परत मिळत नाही. त्यांना विचारा की बदली इंजिनातील चांगले भाग, म्हणजे क्रँक, पिस्टन, कॅमशाफ्ट, तुमच्याच ब्लॉकमध्ये बसवून देतील का. ब्लॉकला तडा गेलेला नसेल आणि सिलिंडर आणखी बोअर करता येत असतील तर हे बहुधा जमते. वेळ अधिक लागेल, पण माझ्या मते तो द्यावा.

ते शक्य नसेल तर वेगळ्या क्रमांकाचे इंजिन घेण्यात काही गैर नाही, मात्र बदल वाहन नोंदणी कार्यालयात आणि विमा कंपनीकडे बसवणीपूर्वी किंवा लगेच नंतर नोंदवा. वर्कशॉपकडून जुना व नवा असे दोन्ही क्रमांक लिहिलेले, बदलाचे कारण सांगणारे पत्र घ्या. एक गोष्ट कळकळीने सांगतो. अनेक जुन्या इंग्लिश इंजिनांवर क्रमांक ब्लॉकमध्ये कोरलेला नसून रिव्हेटने लावलेल्या पट्टीवर असतो, आणि ‘पट्टी काढून नव्या ब्लॉकवर लावू, कोणाला कळणार’ असे सुचवणारे भेटतात. तसे करू नका. पुढच्या खरेदीदाराची ती फसवणूक आहे, आणि तपासणीत उघड झाले तर इंजिनाचाच नव्हे, गाडीचाही खरेपणा संशयात सापडतो.

प्रश्न : रिकंडिशन केलेले इंजिन घेतले, पण गाडीचे पत्रे आणि रंगकाम लांबल्यामुळे ते नऊ महिने पेटीत पडून राहिले. बसवून जेमतेम ३०० किलोमीटर झाले, आणि आता इंजिन ऑइल पिते. वर्कशॉप म्हणते, बिलाच्या तारखेपासून वर्ष उलटले. हे योग्य आहे का?

उत्तर : कागदावर त्यांचे म्हणणे बरोबर असण्याची शक्यता आहे, कारण मुदत बहुधा बिलाच्या तारखेपासूनच मोजतात. हमीपत्रात ‘बसवल्यापासून’ असा शब्द आहे का ते आधी पाहा. नसेल तर बसवणीचे दिनांकित बिल व किलोमीटरची नोंद दाखवून मुदत वाढवून मागा. मागण्यात काही बिघडत नाही, आणि नाव जपणारी वर्कशॉप्स अशी विनंती ऐकतातही.

इंजिन सदोषच होते असे मात्र गृहीत धरू नका. ३०० किलोमीटरला पिस्टन रिंगा पूर्ण बसलेल्याही नसतात, आणि तोवर थोडे ऑइल जाणे स्वाभाविक आहे. गाडी सतत मंद गतीने, हलक्या पायाने चालवली तर रिंगा बसतच नाहीत. त्यांना अधूनमधून चढावर किंवा टॉप गिअरमध्ये मध्यम भार द्यावा लागतो. आणखी ७०० ते ८०० किलोमीटर अशी चालवा आणि दर वेळी भरलेले ऑइल मापून लिहून ठेवा. त्यानंतरही खप उतरला नाही तर लीक-डाउन चाचणी करून घ्या. सिलिंडरमध्ये दाबाने हवा सोडल्यावर ती ऑइल भरण्याच्या तोंडातून येते की नाही यावरून रिंगा किंवा सिलिंडरचा दोष कळतो. ही चाचणी निर्दोष आली आणि थांबलेली गाडी पुन्हा निघताना किंवा उतारावरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबताना निळा धूर येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड आणि त्यांची सील पाहावी, आणि ते काम हेड उतरवून होण्याजोगे आहे.

पडून राहिलेल्या इंजिनात सिलिंडरच्या भिंतींवर गंजाचा पट्टा येऊ शकतो. पेटीत ठेवताना सर्व तोंडे बंद केली होती का, सुरू करण्यापूर्वी ऑइल पंपाने प्रेशर चढवून घेतले होते का, हे वर्कशॉप तुम्हाला विचारील. ज्यांचे इंजिन आज असेच पेटीत आहे त्यांनी प्लगच्या छिद्रांतून थोडे ऑइल सोडून ते दर महिन्याला हाताने फिरवावे, त्याची तारीख वहीत टिपावी, आणि हमीची मुदत बसवणीच्या दिवसापासून धरावी असे पत्र वर्कशॉपकडून आताच घ्यावे.